दॉ न्वे यीनं सांगितलेला शेवट

...नाही नाही, तसं नको लिहू. ‘एका गावात एक वाचनालय होतं’ म्हणे! वाचनालय कसलं गं, धक्क्याकडं उतरताना लागतं ते फळ्यांचं दुकान. पुस्तकं भाड्यानं द्यायचं. लिही, दॉ न्वे यीचं दुकान. हळू लिहितेस तर हळू लिही, मला घाई नाही. पण मी बोलते तसंच लिही पोरी, आपल्या मनानं त्यात काही घालू नको. घातलं की काय होतं, तेच तर सांगायला बसलेय.

तर दुकान. पुढं दोन बाकडी, आत गुडघ्याएवढी स्टुलं, आणि दाराशी लाकडी मांडणीवर येणाऱ्याजाणाऱ्यासाठी पाण्याचे माठ. आता माठ काय, आपल्या हिंथाडा गावात दारोदार ठेवतात, पुण्य लागतं म्हणून. पण न्वे यीच्या दारातला एक माठ हिरवागार. तिच्या बापानं होडी रंगवली तेव्हा डब्याच्या तळाशी रंग उरला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून ह्या पोरीनं माठाला फासला. आई बोंबलली, “अगं भवाने, रंगवलेल्या माठात पाणी गार होतं का कधी?” नाहीच झालं. आजही त्यातलं पाणी कोमट. पण लोक तेच पितात. डोळ्याला गार वाटतं म्हणतात.

बाप होडीवाला, आई मासळी बाजारात. घरात पुस्तक नाही. आणि ही बघावी तर भज्याचा कागद वाचतेय, औषधाच्या बाटलीवरचं वाचतेय. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, “केलं असतं, पण नवरा दिवा मालवायला लावतो म्हणे.” बाप गेल्यावर होडी विकली आणि त्या पैशांतून रंगूनच्या फुटपाथवरून पोती भरभरून जुनी पुस्तकं आणली. किलोवर. तिथून दुकान.

तिनं सगळं वाचलं, बरं का. सगळं म्हणजे सगळं. एका भिंतीला गोष्टी होत्या. प्रेमाच्या, भुताच्या, खुनाच्या, साहेबाच्या देशातल्या आपल्या भाषेत आणलेल्या. समोरच्या भिंतीला माणसानं पुढं कसं यावं त्याची पुस्तकं. पहाटे उठा, आरशात बघून हसा, भिऊ नका, पहिलं पाऊल टाका, असली. आणि गल्ल्यामागं एक आखूड फळी, तिच्यावर गोष्ट कशी रचावी ते शिकवणारी पुस्तकं. ती कुणी नेत नसे. ती तिची स्वतःची.

पुढं येण्याची पुस्तकं मात्र फार खपायची. सायकलरिक्षावाला को प्यी सो तर गिऱ्हाईक बसवून वाचायचा. “अरे चल की रे मेल्या!” “थांबा काकू, ‘वेळेचे मालक व्हा’ एवढं प्रकरण संपतंय.” “तू हो मालक, माझी बोट सुटली!” मग त्यानं ‘नाही म्हणायला शिका’ असलं एक नेलं, आणि आठवडाभर भाडी नाकारत सुटला. शेवटी त्याची बायको लाटणं घेऊन दुकानात आली. “मावशी, ह्याला आता ‘हो’ म्हणायचं पुस्तक द्या, नाहीतर मी तुमची फळी पेटवते.” न्वे यी पोट धरून हसली. तेव्हा हसायचेच दिवस होते. पुस्तक वाचून माणूस बिघडतो ह्यावर तेव्हा सगळे हसायचे.

आता भाड्याच्या पुस्तकाचं कसं असतं. जाड असलं की ती मधून कापायची, दोन भाग करायची, पुठ्ठा लावून सुतळीनं शिवायची. म्हणजे एकानं दुसरा भाग वाचेपर्यंत दुसऱ्याला पहिला मिळतो. पण शंभर हातांतून फिरलं की शेवटची पानं आधी जातात. कुणी विड्यासाठी फाडतं, कुणी चिरूट पेटवायला घेतं, काही आपली आपणच गळतात. मग वाचणारा तणतणत यायचा, “न्वे यी, शेवट कुठाय?”

“बस,” ती म्हणायची. चहाच्या आंबवलेल्या पानांचा लाफे ताटलीत घालायची, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण वर. आणि शेवट तोंडी सांगायची. तिनं पुस्तक धड असताना वाचलेलं असायचं ना. हळूहळू त्या दुकानाची ती रीतच झाली. ज्यांच्या पुस्तकाला शेवट होता तेही येऊन बसायचे. म्हणायचे, छापलेला वाचला, आता तुझा सांग.

इथं जरा नीट लिही. सुरुवातीला ती छापलेलाच शेवट सांगायची. पण काही पुस्तकं पोत्यातूनच शेवटाशिवाय आलेली. त्यांचा शेवट तिला तरी कुठून ठाऊक? ते काही तिनं कुणाला सांगितलं नाही. रचायची. आणि इतकं बेमालूम रचायची, की कुणाला शंका आली नाही. तिला मनातून लेखिका व्हायचं होतं गं. रंगूनच्या मासिकांना गोष्टी धाडायची, उत्तर यायचं नाही. छापायला कुणी घेईना, तर दुसऱ्यांच्या गोष्टींना शेपट्या लावून हौस भागवायची. त्यासाठीच ती आखूड फळी. त्यात शिकवलेलं असायचं, वाचणाऱ्याला रिकाम्या हातानं उठवू नये. नायिकेनं शेवटी बसून राहू नये, उठावं आणि काहीतरी करावं. आणि खोटं खरं वाटायला हवं असेल तर एक बारीक खूण द्यावी, रंगाची नाहीतर वासाची, की ऐकणारा म्हणतो, एवढं बारीक कोण उगाच सांगेल?

ह्यातलं शेवटचं ती विसरती तर बरं झालं असतं.

मा यूझाना आपल्याच गल्लीतली. चिरूट वळायची. बोटं अशी चालायची, बघतच राहावं. नवरा को तुन वाय दक्षिणेला गेला, मासेमारीच्या बोटीवर. थाई मालकांच्या बोटी. आधी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप यायचा, कधी एखादा कपडा यायचा. मग निरोप आखडले. मग काहीच नाही. घरात ही आणि सासू, दॉ ओन ची. दुधीची भजी तळते ना धक्क्यावर, तीच. दोघी एका ताटात जेवायच्या आणि दिवसभर एकमेकींना टोचायच्या. “सूनबाई चिरूट वळतेय की कापूस पिंजतेय?” “आई, भज्यात दुधी घातलाय ना, की नुसतं पीठ?” असं. पण एकीला ताप आला की दुसरीचा जीव थाऱ्यावर नसायचा.

यूझाना संध्याकाळी दुकानात यायची. तिच्या हाती एक कादंबरी लागली. नदीकाठची एक बाई, तिचा नवरा सागाचे तराफे घेऊन खाली जातो आणि परतत नाही. पहिला भाग एका बैठकीत वाचला तिनं. दुसरा नेला, रडून डोळे सुजवून आणला. आणि शेवटची पानं नव्हती. ते पुस्तक पोत्यातूनच तसं आलेलं. न्वे यीनं शेवट कधी बघितलेलाच नव्हता.

“मावशी, सांगा,” यूझाना म्हणाली. बसली पण नाही, उभीच. “लाफे नको मला. तो येतो की नाही एवढंच सांगा.”

आता इथं न्वे यीला म्हणता आलं असतं, पानं नव्हती गं, मला नाही ठाऊक. पण समोर ते सुजलेले डोळे. आणि दुकानात को प्यी सो बसलेला, आणखी दोघीतिघी, सगळ्यांचे कान इकडं. ती बोलायला लागली. बाई वाट बघते, पावसाळे जातात. मग एक दिवस तिच्या मनात येतं, जो बसून राहतो त्याचं बसूनच जातं. हे त्या पुढं येण्याच्या पुस्तकांतलं, बरं का. मग ती गाठोडं बांधते आणि निघते. एक बंदर धुंडाळते, दुसरं धुंडाळते. अगदी टोकाच्या बंदरात, जिथं मासळी वाळत घालतात तिथं, धक्क्याजवळ एक चहाचं दुकान असतं. दाराशी माठांची मांडणी. आणि खूण काय द्यावी म्हणून न्वे यीची नजर दाराकडं गेली. “त्यातला एक माठ हिरवा,” ती म्हणाली. “आणि त्या माठाशी ओंजळीनं पाणी पिणारा तो.”

यूझानानं वळून दाराकडं बघितलं. अंगावर काटा आला तिच्या, दंड चोळायला लागली.

“हिरवा? म्हणजे ह्याच्यासारखा?”

“पुस्तकात आहे तेच सांगतेय मी,” न्वे यी म्हणाली.

“म्हणजे घराची आठवण म्हणून तो तिथं थांबत असेल,” यूझाना म्हणाली. पुस्तकातल्या नवऱ्याबद्दल नव्हती बोलत ती. ते न्वे यीला तेव्हाच कळलं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या, को प्यी सोनं मांडीवर थाप मारली, “ह्याला म्हणतात शेवट!” आणि तिला आतून जे गार गार वाटलं ना, ते इतकं गोड होतं की ती गप्प बसली.

त्याच आठवड्यात यूझाना निघाली. लपून नाही हं. सासूसमोर गाठोडं बांधलं.

“डोकं फिरलंय का तुझं? एवढा मोठा समुद्र, कुठं शोधणार?”

“खूण आहे आई. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात तर भुतंही आहेत!”

“दोघं येतो,” ती म्हणाली. सासूच्या पाया पडली आणि बोटीवर चढली. दॉ ओन चीनं भजी बांधून दिली होती. शिव्या देत देत दिली.

मग काही नाही. पुढच्या थदिंज्युतला, दिव्यांच्या सणाला, सगळ्या गल्लीनं दिवे लावले, ह्यांचं दार काळोखं. एक सुकटीचा व्यापारी आला वरती, त्यानं सांगितलं. कॉथाउंगला, त्या टोकाच्या बंदरात, आपल्या बोलीची एक बाई दिसली म्हणे. चहाच्या दुकानादुकानात जाते आणि विचारते, तुमच्याकडं हिरवा माठ आहे का? पोरं तिला माठवाली म्हणून चिडवतात. तो हसत सांगत होता बिचारा, त्याला काय ठाऊक. न्वे यी बाकड्यावर पुस्तक शिवत बसली होती. सुई बोटात गेली तरी तिला कळलं नाही, पानावर रक्ताचा डाग पडला तेव्हा बघितलं.

दॉ ओन ची दुकानात आली त्याच दिवशी. पहिल्यांदाच. तिला अक्षर येत नाही. फळ्यांकडं अशी बघत होती, जसं काही त्यांतच सून लपवलीय.

“एवढी पुस्तकं वाचलीस तू,” ती म्हणाली. “लोक म्हणतात न्वे यीला सगळं ठाऊक. मग मला सांग, त्या पुस्तकातल्या बाईला तो भेटला ते गाव कोणतं? नाव सांग. मी बोटवाल्यांना सांगते.”

न्वे यीनं हातातली सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवली. “नाव... नाव पुस्तकात नव्हतं, ताई.”

“पण तो भेटला हे खरं ना?”

“पुस्तकात तसंच आहे,” ती परत म्हणाली. दुसऱ्यांदा.

म्हातारी निघून गेली. पण त्यानंतर न्वे यीला वाचता येईना. पुस्तक उघडायची, एका ओळीवरून दुसरीवर डोळा सरकायचा नाही. धीराची पुस्तकं काढली तिनं, काळजी कशी सोडावी त्याची. वाचायची आणि मिटायची. सगळी म्हणायची पुढं बघा. पुढं काय बघणार? पुढं ती पोर दुकानोदुकानी माठ विचारत हिंडतेय.

मग तिच्या मनानं एक घेतलं. ते अख्खं पुस्तक शोधायचं. कदाचित खरा शेवटही तसाच असेल! बाई निघते, नवरा भेटतो. मग माझं खोटं खोटं राहणार नाही. बुडणारा कशालाही धरतो तसं तिनं ते धरलं. दुकान बंद केलं आणि रंगूनला गेली.

फुटपाथवर रांगेनं पुस्तकवाले बसतात. प्रत्येकाला विचारत गेली. एक चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला म्हातारा होता, त्यानं ऐकलं आणि मागच्या पेटीतून काढून दिलं. अख्खं. पुठ्ठाही मूळचा.

“घ्या, पण शेवट विचारू नका,” म्हातारा म्हणाला.

तिनं मागून उघडलं. शेवटची दोन्ही पानं चंदेरी. सगळीकडून रंग फासलेला, आरशासारखी चकचकीत.

“छापून झाल्यावर सरकारातल्या वरच्यांना आवडलं नाही,” तो म्हणाला, “मग प्रत्येक प्रतीवर हे फासायला लावलं. तुम्हाला ठाऊक नाही? त्यावेळी कितीतरी पुस्तकांचं असं झालं.”

“पण लिहिणाऱ्याला विचारता...”

“तो कधीच गेला. ह्याचा शेवट कुणीच वाचलेला नाही, बाई. मीसुद्धा नाही.”

तिनं ते पान उन्हात धरलं. तिरकं धरलं, नखानं खरवडलं. रंगाखालून एक शब्द दिसला. ‘आणि’. बाकी काही नाही. त्या चंदेरी पानात तिचंच तोंड तिला अंधुक दिसत होतं, आणि ते बघवेना म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

गावात परतली ती घरी गेली नाही, थेट धक्क्यावर. दॉ ओन ची भजी तळत होती. न्वे यीनं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. म्हातारीला वाचता येत नाही, पण चंदेरी रंग दिसतो की.

“हे काय?”

“शेवट,” न्वे यी म्हणाली. “हा असा आहे. कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हता. मी रचला, ताई. चहाचं दुकान मी रचलं. तो पाणी पितो ते मी रचलं.”

म्हातारीनं झारा खाली ठेवला नाही. तेलात भजी काळी पडायला लागली.

“आणि माठ?”

न्वे यीची नजर वर दुकानाकडं गेली. दॉ ओन चीनं वळून वर चढणीकडं बघितलं. तिथून दुकानाचं दार दिसतं, मांडणी दिसते.

“तुझ्या बापाच्या होडीचा रंग तो,” ती हळू म्हणाली. “असा माठ दुसरं कोण रंगवणार? मी रोज त्यातलं कोमट पाणी पिते. आणि माझी सून तोच माठ शोधायला समुद्रावर गेली.”

आजूबाजूला लोक जमले. न्वे यीला वाटलं आता झारा डोक्यात बसणार. बसला असता तर हलकं वाटलं असतं, असं ती नंतर म्हणाली. पण म्हातारीनं जळकी भजी बाहेर काढली, विस्तव मागं ओढला. न्वे यी पाया पडायला वाकली.

“पाया नको पडू,” ती म्हणाली. “तुझ्या पाया पडण्यानं बोट मागं येत नाही. तू तोंडानं घालवलीस, तोंडानंच आण. दक्षिणेला जाणाऱ्या प्रत्येकाला सांग. हेच सांग, जे आत्ता मला सांगितलंस. रचून नाही.”

न्वे यी तशीच चढण चढून दारात गेली आणि माठ फोडायला उचलला. मागून दॉ ओन ची ओरडली, एवढ्या वयात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, “ठेव तो खाली! ती आलीच तर कुठली खूण ओळखेल?”

तो आहे अजून. रंग उडाला की न्वे यी नवा लावते, बाजारातून शोधून तसाच हिरवा आणते. दुकान चालतंय म्हणायचं. शेवट मात्र ती सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, “पानं नाहीत. मला ठाऊक नाही.” लोक चुकचुकतात, को प्यी सो म्हणतो, “मावशी, एखादा तरी, छोटासा,” पण ती मान हलवते. पुष्कळजण आता व्हिडिओ बघायला जातात, तिथं शेवट असतो. आणि दॉ ओन ची रोज संध्याकाळी येऊन बाकड्यावर बसते. दोघी बोलत नाहीत फारसं. म्हातारी म्हणते, “वाच काहीतरी.” न्वे यी वाचते. पुस्तक जिथं फाटलंय तिथं थांबते. म्हातारी विचारते, “मग?” ती म्हणते, “ठाऊक नाही, ताई.” मग दोघी रस्त्याकडं बघत बसतात.

तर एवढं लिहिलंस का पोरी? आता खाली हे लिही, मोठ्या अक्षरात. हा कागद ज्याच्या हातात पडेल आणि जो दक्षिणेला जाईल, कॉथाउंगला नाहीतर समुद्रापलीकडच्या कुठल्याही बंदराला, त्यानं हिंथाड्याच्या मा यूझानाला शोधावं. डाव्या कानामागं तीळ आहे, चिरूट वळताना बोटं दिसणार नाहीत इतकी भरभर चालतात. तिला सांगावं, की पुस्तकात शेवट नव्हता. को तुन वायचं आम्हाला काही ठाऊक नाही. पण हिरवा माठ इथं आहे, आपल्याच गल्लीत, आणि सासू रोज त्याच्याजवळ बसलेली असते. एकटी आलीस तरी ये म्हणावं.